मूळ गाव कोणतं?

होस्टेलवर नवीन मुलगा आला की नावाच्या आधी त्याला एकच प्रश्न विचारला जातो, "मूळ गाव कोणतं?" ज्याचा जन्म पुण्यात झाला, शाळा पुण्यात झाली, तोही मान खाजवून सांगतो, "तसे आम्ही मूळचे साताऱ्याकडचे." आपल्याला मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न आमच्या रूममध्ये जरा मोठ्या स्केलवर निघाला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मला स्वतःबद्दलच एक गोष्ट कळली. म्हणून हा लेख.

मुळशीचा जुलै ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ताम्हिणीकडून निघालेले ढग विचारपूस न करता खिडकीतून रूममध्ये येतात. टॉवेल चार दिवस वाळत नाही, पुस्तकांची पानं पापडासारखी मऊ पडतात आणि रेंज तर नावालाच असते. अशाच एका रात्री लाईट गेली. दुसऱ्या दिवशी ओरल होती म्हणून मी मोबाईलच्या उजेडात कॉटखालून फॉर्मल बूट काढले. काळे बूट पांढरट-हिरवे झालेले! महिनाभर त्यांना हात लागला नव्हता, आणि त्यावर अख्खं जंगल उगवलेलं.

"ही आली कुठून?" मी सहज म्हणालो. झालं! पुढचे तीन तास त्यातच गेले.

आमचा बुलढाण्याचा पार्टनर उठून बसला. "वरून आली बे! आमच्या लोणारले ये एकदा, मंग समजन तुले, वरून काय काय पडते ते." त्याचं म्हणणं असं की पृथ्वीवरचं सगळंच जीवन बाहेरून आलं, उल्का-धूमकेतूंवर बसून. कोल्हापूरच्या पार्टनरला हे अजिबात पटलं नाही. "खुळा हायस काय भावा? एवढी मोठी सिस्टीम अशी कुठनं तरी पडतीया व्हय? कुणीतरी डिझाइन केलंय म्हणतो मी." मी उरलो तिसऱ्या पक्षात : जीवन इथेच, याच पृथ्वीवर, रसायनांतून झालं. माझ्याकडे मुद्दे सर्वांत कमी आणि आवाज सर्वांत मोठा होता. रात्री दोन वाजता रेक्टर सर टॉर्च घेऊन आले तेव्हा वाद संपला. मी हरलो होतो, कारण मला बोलता येत होतं पण माहिती काहीच नव्हती. नंतर बसून वाचलं. जे सापडलं ते आपल्या इतक्या जवळचं होतं की लाजच वाटली.

मित्रमैत्रिणींनो, आपण इथून चांदणी चौक ओलांडून विद्यापीठाकडे गेलो की गणेशखिंडीच्या आवारात आयुका ही संस्था आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक संचालक म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. (१९ जुलै १९३८, जन्म कोल्हापूर. हे कळल्यावर आमच्या कोल्हापूरकराने दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडून घेतलं.) 'प्रेषित', 'वामन परत न आला' यांचे लेखक म्हणून आपल्यातले पुष्कळजण त्यांना ओळखतात. पण परग्रहावरच्या गोष्टी कागदावर लिहिणारा हा माणूस एक दिवस खरोखरच वर फुगा पाठवून "तिकडून कोणी येतंय का" हे बघायला निघाला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

कल्पना मूळची जुनी. स्वीडनच्या अऱ्हेनियसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं की जीवनाची बीजं अवकाशातून प्रवास करू शकतील. पुढे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल आणि श्रीलंकेत जन्मलेले चंद्रा विक्रमसिंघे यांनी त्याला नवं रूप दिलं. धूमकेतूंमध्ये सूक्ष्मजीव असतात, धूमकेतूची धूळ पृथ्वीवर सतत पडत असते आणि तिच्याबरोबर तेही उतरत असतात, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक शास्त्रज्ञांनी मान हलवली. अजूनही हलवतात. पण यात एक गोष्ट चांगली होती. हे खरं असेल तर सूक्ष्मजीव वरून खाली येताना वाटेत कुठेतरी सापडले पाहिजेत. म्हणजे तपासता येईल!

२१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून पहिला फुगा सोडला गेला. ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत सूक्ष्मजीवांच्या पेशी सापडल्या. काही वाढवताही आल्या, पण निघाल्या त्या आपल्या ओळखीच्याच जाती. साहजिकच टीकाकार म्हणाले, "कशावरून तुमच्या प्रयोगशाळेतल्याच नाहीत?" प्रश्न रास्त होता. मग २० एप्रिल २००५ रोजी जास्त काळजी घेऊन दुसरा फुगा सोडला. यात इस्रो, आयुका, हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस अशा संस्था होत्या.

हा दुसरा प्रयोग आपल्यासारख्यांनी इंजिनिअरिंगच्या नजरेने बघण्यासारखा आहे. फुगा २ कोटी ६७ लाख घनफुटांचा. खाली लटकलेलं उपकरण ४५९ किलोंचं. त्यात निर्जंतुक आणि निर्वात केलेल्या १६ स्टीलच्या नळ्या, आणि त्या नळ्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑन कशाला? कारण तो उकळतो उणे २४६ अंशांना. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका उरतो. साधी बाटली उघडली तर हाती काय लागणार? इतक्या थंड नळीत मात्र आत शिरलेली हवा भिंतीवर गोठत जाते, आतला दाब वाढत नाही आणि आणखी हवा ओढली जाते. हवा ओढायला पंप नाही. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर देताना हे कुणी सांगितलं असतं तर आमचा निम्मा वर्ग जागा राहिला असता! २० ते ४१ किलोमीटर दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर नमुने घेऊन नळ्या पॅराशूटने खाली आणल्या. नमुने दोन वेगवेगळ्या संस्थांना तपासायला दिले, हैदराबादला आणि पुण्याला, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात यावी.

निकाल इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केला. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. (हो, बुरशीच्या! ४१ किलोमीटरपर्यंतच्या त्या पट्ट्यात बुरशी आहे, मग माझ्या बुटांचं काय घेऊन बसलात?) त्यातल्या ९ वसाहती जनुकांच्या तुलनेत पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळल्या. तीन जिवाणू मात्र अगदी नवे निघाले. त्यांना नावं दिली : हॉइल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय. आपल्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा हे तिघेही अतिनील किरण जास्त सहन करतात.

आता मला सांगा, आपल्यापैकी कुणाच्या हातात हा निकाल असता तर आपण काय जाहीर केलं असतं? "परग्रहावरचे जीव सापडले!" बुलढाण्याचा पार्टनर तर पेढे घेऊन आला असता. पण इस्रोच्या निवेदनात काय होतं? या अभ्यासातून सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आल्याचं निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पण काम पुढे चालू ठेवायला उत्तेजन मिळतं, अशा आशयाचं एक साधं वाक्य. ज्या माणसांना उत्तर 'हो' यावं असं मनापासून वाटत होतं, त्यांच्याच प्रयोगाचं हे वाक्य आहे. त्यात एक तर साक्षात गुरूचं मत पणाला लागलेलं. मला हे वाक्य त्या तीन जिवाणूंपेक्षा मोठं वाटतं. का, ते शेवटी सांगतो.

आणि ते वाक्य लिहिलं हे बरंच झालं. बॅसिलस आर्यभट्टाय पुढच्या वर्षांत जमिनीतच सापडला, तोही वेगवेगळ्या देशांत, झाडांच्या मुळांजवळच्या मातीत. म्हणजे त्याचं मूळ गाव बहुधा इथलंच. वाऱ्याने, वादळाने, आणखी कशाने तरी तो वर गेला असावा. हॉइल-पक्षाचा माणूस यावर म्हणेल, "अरे, पण पृथ्वीवरचं जीवनसुद्धा तिथूनच आलेलं, मग ते सारखं दिसणारच की!" बरोबर. पण मग त्या सारखेपणातून कुणाचाच मुद्दा सिद्ध होत नाही. दोन्ही बाजूंना तेच उत्तर अपेक्षित असेल तर तो प्रश्न पेपरात घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा पेशीतल्या कार्बन-हायड्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण तपासावं. उल्कांमधलं ते प्रमाण पृथ्वीपेक्षा वेगळं असतं. असं काही वेगळं दिसलं तर बुलढाण्याला पेढे मी आणीन.

त्याच्या लोणारचीही गोष्ट तशीच. लोणारचं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालं हे खरं. पण जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा काय काय अफवा उठल्या! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि सांगितलं, खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. २००१ मध्ये केरळात लाल पाऊस पडला तेव्हाही काहींनी त्यातल्या लाल कणांना परग्रहावरच्या पेशी ठरवलं होतं. ते निघाले झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या शेवाळाचे बीजाणू. आभाळाकडे बोट दाखवण्याआधी पायाखाली बघावं, हे यातून मी शिकलो.

मग काय, वरून काहीच येत नाही? तसंही नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं सापडली, म्हणजे प्रथिनांच्या विटा. नासाच्या यानाने बेन्नू या लघुग्रहावरची १२१.६ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं की त्यात आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आहेत, आणि डीएनए-आरएनएमधले पाचही बेस आहेत. मात्र त्या अमिनो आम्लांत डावी आणि उजवी रूपं जवळजवळ सारख्या प्रमाणात मिसळलेली होती. सजीव जवळजवळ फक्त डावीच वापरतात. तेव्हा हा माल निर्जीव रसायनांचाच, पण वरून येणारा खरा. आणि हॉइल यांचं जे काम सगळं जग मान्य करतं ते तर आणखी मोठं आहे. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ही मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात शिजतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली सविस्तर मांडलं. त्या अर्थाने आपण सगळेच बाहेरगावचे!

जिवंत प्राणी अवकाशात टिकेल का, याचंही उत्तर अगदीच 'नाही' असं नाही. मेसच्या मसाल्यातलं दगडफूल माहीत आहे ना? बुरशी आणि शेवाळ यांचा तो भागीदारीतला संसार. त्याच्या काही भाऊबंदांना २००५ मध्येच युरोपच्या एका प्रयोगात उपग्रहाबाहेर उघड्या अवकाशात सुमारे दोन आठवडे ठेवलं. परत आल्यावर ते जिवंत होते. पण दोन आठवडे टिकणं वेगळं आणि लाखो वर्षांचा प्रवास वेगळा.

माझी खरी अडचण दुसरीच आहे. समजा मी विचारलं, "ही आमटी कशी केली?" आणि मेसवाल्या काकांनी सांगितलं, "दुसऱ्या मेसमधून आणली." माहिती खरी असेल, उपयोगाचीही असेल. पण आमटी कशी केली हे मला अजून कळलेलं नाही! जीवन बाहेरून आलं म्हटलं की तिथे ते कसं झालं हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. कोल्हापूरच्या पार्टनरच्या 'डिझायनर'चंही तेच. डीएनएच्या रचनेचा शोध लावणारे फ्रान्सिस क्रिक यांनी लेस्ली ऑर्गेल यांच्याबरोबर १९७३ मध्ये चक्क असं सुचवलं होतं की एखाद्या प्रगत संस्कृतीने मुद्दाम यान भरून सूक्ष्मजीव इकडे पाठवले असतील. पण पुरावा अपुरा आहे हेही त्यांनी तिथेच लिहिलं. आणि ती प्रगत मंडळी कुठून आली? त्यांचं मूळ गाव कोणतं?

डिझाइनचा मुद्दा आपल्याला लवकर पटतो याला कारण आहे. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. साधा गिअरबॉक्स काढायचा तर चार रात्री जातात, मग पेशी आपोआप कशी होईल? हॉइल यांनीही म्हटलं होतं की भंगारच्या अड्ड्यावरून वादळ गेलं आणि त्यातून बोइंग ७४७ तयार झालं, अशातला हा प्रकार आहे. उपमा झकास आहे, पण एका झटक्यात पेशी झाली असं म्हणतं कोण? पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची. सूक्ष्मजीवांच्या चांगल्या खुणा साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या. मधला काळ म्हणजे एक वादळ नव्हे. त्या काळात टिकेल ते राहिलं आणि त्याच्यात भर पडत गेली. १९५३ मध्ये स्टॅनले मिलरने पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन एका काचेच्या यंत्रात घालून ठिणग्या पाडल्या, तर काही दिवसांत अमिनो आम्लं मिळाली. तिथून पहिल्या पेशीपर्यंतचा रस्ता अजून कुणालाही पूर्ण सापडलेला नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. माझा पक्ष पूर्ण जिंकलेला नाही. पण रस्ता सापडला नाही म्हणून कुणी हेलिकॉप्टरने सोडलं असं म्हणता येत नाही.

आणि एकदा जीवन सुरू झाल्यावर पुढे काय झालं, याचा पुरावा आपल्या सबमिशनच्या भाषेत सांगता येतो. सरांना कॉपी कशी कळते? बरोबर उत्तरांवरून नाही, ती सगळ्यांची सारखीच असतात. सारख्या चुकांवरून कळते! एकाने 'व्हिस्कॉसिटी'चं स्पेलिंग चुकवलं आणि तेच चाळीस जर्नल्समध्ये निघालं की संपलं. आता बघा, कुत्रा, गाय हे प्राणी क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो, कारण ते तयार करणारा आपला एक जीन बिघडलेला आहे. तोच जीन चिंपांझी, गोरिला आणि माकडांमध्येही बिघडलेला आहे, आणि बिघाडाच्या खुणाही जुळतात. स्वतंत्र डिझाइन असतं तर एकच चूक सगळीकडे मुद्दाम कोण घालेल? ही वंशपरंपरेने उतरवलेली जर्नल आहे. पहिलं पान कुणी लिहिलं ते यातून कळत नाही, पण पुढची पानं उतरवलेली आहेत हे कळतं.

जर्नलचा विषय निघालाच आहे तर आता ते सांगून टाकतो. हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला आमच्या ग्रुपची औष्णिक वाहकता पुस्तकातल्या आकड्याच्या आसपासही आली नाही. सबमिशन तोंडावर होतं. मी काय केलं? सीनियरचं जर्नल आणलं आणि त्याची रीडिंग्ज थोडी इकडेतिकडे करून उतरवली. शेरा मिळाला 'गुड'. नंतर लक्षात आलं, दांड्यावरचं इन्सुलेशन एका बाजूने निघालेलं होतं. म्हणजे आमची रीडिंग्ज खरी होती! ती बिघाड सांगत होती, आणि मी ती खोडून टाकली. माझ्या हातात एक छोटासा शोध आला होता, तो मी 'गुड'साठी विकला.

म्हणून ते "निर्णायकपणे सिद्ध होत नाही" हे वाक्य मला टोचलं. ४५९ किलोंचं उपकरण ४१ किलोमीटर वर नेऊन, तीन नवे जिवाणू हातात असताना त्यांनी ते लिहिलं. मला ५ मार्कांसाठी तसं लिहिता आलं नाही. परग्रह, डिझायनर वगैरे वाद आपण आयुष्यभर घालू शकतो, त्याने कुणाचं बिघडत नाही. पण आपल्यातलाच कुणी उद्या पुलाचं, बॉयलरचं, लिफ्टच्या ब्रेकचं टेस्टिंग करणार आहे. तिथे नको असलेलं रीडिंग आलं तर तो काय करील? ज्याने चार वर्षं जर्नल उतरवलं तो अचानक त्या दिवशी खरं लिहील?

नारळीकर सर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. फलज्योतिषाची चाचणी असो, स्वतःच्या गुरूचं मत असो, दोन्हीला त्यांनी एकच कसोटी लावली : आधी प्रयोग करा, मग बोला. त्यांच्या नावाने हार-फुलांचा कार्यक्रम करण्यापेक्षा आपण या पावसाळ्यात होस्टेलवर एक प्रयोग करू. ब्रेडच्या सहा ओल्या स्लाइस घ्यायच्या. दोन तळमजल्यावर उघड्या, दोन गच्चीवर आडोशाला उघड्या, आणि दोन वाफवून लगेच घट्ट बंद केलेल्या डब्यांत. कुठे आधी बुरशी येईल हे प्रत्येकाने आधी कागदावर लिहून नोटीस बोर्डाला लावायचं. निकाल येईल तसाच लिहायचा. अंदाज चुकला तरी कागद फाडायचा नाही.

सरांना आणि मॅडमनाही एक विनंती. चुकलेलं रीडिंग आणि त्याचं कारण खरं लिहिणाऱ्याला यंदा एखादा मार्क जास्त देऊन बघा.

त्या बुटांचं म्हणाल तर मी ते फडक्याने पुसले आणि ओरलला गेलो. संध्याकाळी बघतो तर शिवणीच्या कडेने बुरशी पुन्हा डोकं वर काढत होती. बुलढाणा आणि कोल्हापूर दोघेही अजून आपापल्या मतावर ठाम आहेत. स्लाइस आणायचे पैसे मात्र तिघांनी मिळून काढले आहेत.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)